परक्यांस हांक कशी मारावी ?

जुन्नरच्या एका वाचक भगिनींचें पत्र आम्हांस आलें आहे. पत्र चार पानी, अक्षर सुरेख, आणि प्रश्न एकच. त्यांचे पुतणे नोकरीनिमित्त कंबोडियांत गेले, कांहीं वर्षें तेथें राहिले, आणि तेथील एका ख्मेर मुलीशीं त्यांचें लग्न ठरलें. येत्या मार्गशीर्षांत ही मुलगी वाड्याच्या उंबरठ्यावरचें माप ओलांडणार आहे. विरोध कोणाचाच नाहीं. जें काय बोलावयाचें तें गेल्या वर्षीं बोलून झालें. अडचण उरली आहे ती हांकेची. घरांतील कर्त्या पुरुषांनीं असें ठरविलें कीं, मुलगी परदेशची, तिचा मान राखला पाहिजे. तेव्हां वडील मंडळींनीं तिला "आपण" म्हणावें व मुलांनीं "मॅडम" म्हणावें. ऐंशीच्या घरांतल्या आजीबाईंस हें पटलें नाहीं. "नातसुनेला कोणी आपण म्हणतें का?" एवढें बोलून त्या पुन्हां वाती वळूं लागल्या. या वादांत आमचें मत काय, असें भगिनी विचारतात.

आम्ही आजीबाईंच्या पक्षाचे आहों. मात्र त्यांनीं एका वाक्यांत जें सांगितलें तें सांगण्यास आम्हांस बरीच पानें लागतील, आणि थोडें लांबूनही यावें लागेल. तरी फार लांब नाहीं. जुन्नरच्याच डोंगरांतून आरंभ करतां येईल.

परदेशी मनुष्य हा जुन्नरास नवीन नव्हे. नाणेघाट ही कोंकणांतून देशावर चढण्याची सातवाहनांच्या काळची वाट. कल्याण आणि सोपारा या बंदरांत उतरलेला माल व माणसें त्या वाटेनें वर येत आणि पहिलें मोठें शहर लागे तें जुन्नर. या गांवाभोंवतालच्या डोंगरांत जीं बौद्ध लेणीं आहेत, त्यांवरील लेखांत दात्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत. कोणी धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी आहे, कोणी कांसारांची, कोणी बांबूचें काम करणाऱ्यांची. याच मंडळींच्या पंक्तीस तीन "यवन" बसलेले आहेत. इरिल नांवाच्या यवनानें पाण्याचीं दोन टाकीं दिलीं, चिट नांवाच्या यवनानें संघास भोजनमंडप दिला, आणि चंद नांवाच्या यवनानें लेण्याचें गर्भद्वार करविलें. सुमारें अठराशें-एकोणीसशें वर्षांपूर्वींची ही गोष्ट. यांतील चंद हें नांव तर उघड उघड येथलेंच. म्हणजे माणूस येथें इतका मुरला कीं नांवही येथलें घेऊन बसला, तथापि "यवन" हा शब्द त्यानें टाकला नाहीं आणि तो कोरणाऱ्यासही त्यांत कांहीं गैर वाटलें नाहीं. पुढें त्या शब्दाची जी दशा झाली ती तेव्हां झालेली नव्हती. अमका कल्याणचा, तमका भडोचचा, तसा हा यवन. इतकाच त्याचा अर्थ.

याच मानमोडीच्या डोंगरांत आणखी एक लेख आहे. वत्सगोत्री अयम नांवाच्या अमात्यानें वर्ष ४६ मध्यें टाकें व मंडप केल्याची त्यांत नोंद आहे. हा अयम ज्याचा अमात्य, त्याचा उल्लेख कसा केला आहे पाहा: राजा, महाक्षत्रप, स्वामी नहपान. नहपान हा शक क्षत्रप, म्हणजे यवनांइतकाच परका. पण त्याच्या नांवामागें एक पदवी येथली, एक इराणी वळणाची आणि वर "स्वामी". पाण्याचीं टाकीं देणारा इरिल नुसता यवन. सत्ता गाजविणारा नहपान स्वामी. परक्याला मान द्यावयाचा तो त्याच्या परकेपणास नव्हे, त्याच्या अधिकारास, हा धडा जुन्नरच्या दगडावर तेव्हांच कोरला गेला, आणि आम्ही तो पुढें फारसा विसरलों नाहीं.

निजामशाहींत याच शहरानें हबशी पाहिले. मलिक अंबर हा हबसाणांत जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला पुरुष. त्यानें निजामशाहीचा कारभार हांकला तेव्हां कांहीं काळ राजधानी जुन्नरास होती. जुन्नरनजीकचा हबशी घुमट आजही लोक दाखवितात. या हबशांस आपल्याकडे "सिद्दी" म्हणत. शब्द मूळचा अरबी "सय्यिदी", म्हणजे "माझे धनी". हांक मारावयाचा आदरार्थी शब्द जातीचें नांव होऊन बसला, आणि जंजिऱ्याच्या सिद्दीशीं लढणाऱ्या मराठ्यानें शत्रूस शिव्या घालतांनाही त्यास "माझे धनी" असेंच म्हटलें, ही शब्दांची गंमत आहे. पुढें १६७५ सालीं जॉन फ्रायर नांवाचा इंग्रज वैद्य मुंबईहून घाट चढून जुन्नरास आला. तेथील मोगल सुभेदारानें त्यास बोलावून घेतलें होतें. शिवनेरी किल्लाही त्यानें पाहिला व परत गेल्यावर सर्व लिहून ठेवलें. एकोणिसाव्या शतकांत डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन हे हिवऱ्याच्या सरकारी वनस्पती-बागेवर होते. १८४७ पासून मुंबई इलाख्याच्या जंगलांचें रक्षण त्यांच्याकडे आलें. आणि आतां तर खोडदच्या माळावर पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्यांची रेडिओ-दुर्बीण उभी आहे. तिच्याकरितां देशोदेशींचे ज्योतिषशास्त्रज्ञ येतात, नारायणगांवच्या बाजारांत केळीं घेतात, आणि केळेंवाला त्यांस "सायेब" म्हणतो.

हा "साहेब" मोठा नशीबवान शब्द. अरबींत त्याचा मूळ अर्थ सोबती, बरोबरचा माणूस. आपल्याकडे येईतों तो धनी झाला, आणि इंग्रजांच्या अमदानींत तर त्याचा अर्थच "गोरा मनुष्य" असा होऊन बसला. त्यापूर्वीं मराठी कागदांत युरोपीय लोकांस "टोपीकर" म्हणत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत टोपीकरांविषयीं सावधगिरीचा जो उपदेश आहे, तो प्रसिद्धच आहे. पगडी घालणाऱ्यानें दुसऱ्यास त्याच्या टोपीवरून ओळखावें यांत नवल नाहीं. पण हीं नांवें पाठीमागें घ्यावयाचीं, समोर नव्हेत. "फिरंगी" हाही तसाच शब्द. फ्रँक लोकांपासून निघून अरबस्थान, इराण करीत तो आपल्याकडे आला, पोर्तुगीजांस चिकटला, आणि त्यांच्याकडच्या सरळ पात्याच्या तरवारीसही आपण "फिरंग" म्हणूं लागलों. परक्याच्या वस्तूस आपण त्याचें नांव आनंदानें देतों. परक्यासच काय म्हणावें, हें मात्र सुचत नाहीं.

येथें एक गोष्ट आम्हांस मुद्दाम सांगावीशी वाटते. "साहेब" हा परका शब्द मराठी घरानें जसाच्या तसा ठेवला नाहीं. त्यास नात्याच्या शब्दास बांधून घेतलें. भाऊसाहेब, दादासाहेब, काकासाहेब, आईसाहेब, वहिनीसाहेब. नुसता "साहेब" कचेरींत राहिला. घरांत यावयाचें तर त्यास भाऊ, दादा, वहिनी यांचें बोट धरून यावें लागलें. आजीबाईंच्या वाती वळतां वळतां बोललेल्या वाक्यांत हाच न्याय आहे.

आतां खेड्यांतली रीत पाहा. जुन्नर-आंबेगांवच्या कोणत्याही गांवांत अनोळखी मनुष्य पारापाशीं येऊन उभा राहिला, तर त्यास कोणी "महाशय" म्हणत नाहीं. "या पाव्हणं. कुठनं येणं केलं?" या विचारण्यांत "तू" नाहीं, "तुम्ही" नाहीं, "आपण"ही नाहीं. सर्वनामच गाळून टाकलें आहे. हीच युक्ति एकेकाळीं आपल्या ब्राह्मण घरांतील स्त्रिया पतीशीं बोलतांना योजीत: "इकडून केव्हां येणं झालं?" म्हणून. मराठींत मानाची परमावधि झाली कीं माणसाचा उल्लेखच नाहींसा होतो आणि नुसतें येणें-जाणें शिल्लक राहतें! पण खेड्यांतला माणूस येथें थांबत नाहीं. त्याचा दुसरा प्रश्न ठरलेला: "गांव कुठलं?" गांव कळलें कीं त्या गांवांत आपली कोणती आत्या दिली आहे, कोणाची सोयरीक आहे, हें काढतां येतें, आणि पाव्हणा घटकाभरांत कोणाचा तरी मामा किंवा मेहुणा होतो. ज्या गांवावरून आंबेगांव तालुक्यास नांव मिळालें तें गांव डिंभे धरणाच्या पाण्याखालीं गेलें आणि तालुक्याचें ठाणें घोडेगांवीं आहे. पण ज्याचें गांव बुडालें त्यालाही हाच प्रश्न, आणि तोही उत्तरांत बुडालेल्या गांवाचेंच नांव सांगतो. आम्ही सुशिक्षित मात्र गांव विचारीत नाहीं. आम्ही आडनांव विचारतों. आणि तें कां विचारतों हें विचारणाऱ्यास व सांगणाऱ्यास, दोघांसही ठाऊक असतें.

नातें जोडण्यांतही मराठी माणसाची एक आवडनिवड आहे. अनोळखी प्रौढ स्त्रीस तो मावशी म्हणतो, आत्या सहसा म्हणत नाहीं. पोलीस शिपाई मामा होतो, एस्. टी.चा कंडक्टर मामा होतो. त्यांस आते-भाऊ कोणी करीत नाहीं. आमच्या मतें याचें कारण असें कीं आईकडचें नातें हें केवळ मायेचें नातें. तेथें वांटा नाहीं, वाद नाहीं, कुळाचार नाहीं. परक्यास तें खुशाल देऊन टाकावें, त्यानें घरांतलें कांहीं कमी होत नाहीं. आमच्या या उपपत्तीवर आत्या रागावतील. त्यांनीं रागावूं नये.

याहूनही सोपी वाट वारकऱ्यांनीं काढली. ते नातेंही विचारीत नाहींत. लहान असो, मोठा असो, पुरुष असो, बाई असो, जो समोर येईल तो "माउली". जुन्नर तालुका तर या संप्रदायाच्या आठवणींनीं भरलेला. ओतूरला तुकोबांचे गुरु बाबाजी चैतन्य यांची समाधि, आळ्यास ज्ञानोबांनीं वेद बोलविलेल्या रेड्याची समाधि. ज्यांनीं रेड्याससुद्धां आपल्यांत घेतलें, त्यांना गोऱ्या माणसाचें काय अवघड? वारींत चालणाऱ्या परदेशी अभ्यासकास पहिल्या मुक्कामापर्यंत "साहेब" आणि पुढें "माउली" म्हणतात. तेथें एकदां तो साहेबाचा माउली झाला म्हणजे त्यास पाणी प्रथम मिळेनासें होतें, रांगेंत मिळतें. हा मान आम्ही पहिल्याहून मोठा समजतों.

फलटणचें उदाहरण सर्वांस माहीत असेल. अमेरिकेंत जन्मलेल्या मॅक्सीन बर्नसन मराठीच्या अभ्यासाकरितां तेथें आल्या, तेथेंच राहिल्या, मुलांची शाळा उभी केली आणि या देशाच्या नागरिक झाल्या. फलटणकरांच्या तोंडीं त्या "मॅक्सीनमावशी". पदवीनें त्या डॉक्टर आहेत. पण गांवानें त्यांस दिलेली पदवी मावशीची आहे, आणि तिच्याकरितां प्रबंध लिहून भागत नाहीं, वर्षें घालवावीं लागतात. विद्वान ब्राह्मणांनींही आपल्या परीनें असें एकदां केलें होतें. या देशांत कधींही पाऊल न टाकलेल्या मॅक्समुल्लर पंडितांस त्यांनीं "भट्ट मोक्षमूलर" केलें. भट्ट म्हणण्यापलीकडे शास्त्रीबोवांजवळ आपलेपणाचा दुसरा शब्द तरी कोणता होता?

सर्वनामांचा प्रश्न आतां हातीं घेऊं. कर्त्या पुरुषांचा सारा भर तेथेंच आहे.

मराठींत समोरच्या माणसास म्हणावयाचे तीन शब्द: तूं, तुम्ही, आपण. शाळेंत शिकवितात कीं ह्या मानाच्या चढत्या पायऱ्या. हें अर्धेंच खरें आहे. आपण "तूं" कोणास म्हणतों? देवाला. आईला. लेंकराला. बाळपणच्या मित्राला. आणि गड्याला, मोलकरणीला, दारीं आलेल्या मजुराला. म्हणजे जवळच्यांत जवळचे, आणि ज्यांस आपण जवळ येऊं देत नाहीं ते, या दोघांस एकच शब्द. फरक कशानें पडतो? उलट उत्तरानें. मित्र आपल्याला तूं म्हणूं शकतो, लेंकरूं म्हणूं शकतें, आणि देवाला आपण म्हणतों तेव्हां त्याच्या मायेवर विसंबून म्हणतों. गड्यानें तें उलट म्हणून दाखवावें! जेथें परत येण्याची वाट मोकळी आहे तेथला "तूं" मायेचा. जेथें ती बंद आहे तेथला "तूं" हा "चल हो बाजूला" याचा धाकटा भाऊ.

"आपण" या शब्दाची तर दुहेरी गंमत आहे. मूळ "आत्मन्" या शब्दापासून तो आला, म्हणजे "स्वतः". मराठींत तो दोन कामें करतो. "आपण बसावें" म्हणजे समोरच्या थोर माणसानें बसावें. आणि "आपण बसूं या" म्हणजे तुम्हींही आणि मींही बसूं या. "आम्ही" म्हटलें कीं समोरचा वगळला जातो; "आपण" म्हटलें कीं तो आंत येतो. (आम्ही या सदरांत इतकीं वर्षें "आम्ही, आम्ही" करीत आलों, त्याचा कोणी हिशेब मागूं नये, संपादकीय रीत आहे.) जो शब्द एका अर्थानें माणसाला आंत घेतो, तोच आदरार्थी वापरला कीं लग्नपत्रिकेसारखा गार पडतो. "आपण जेवलांत का?" हें सुनेला विचारून पाहा. ती उठून पिशवी भरूं लागेल.

कंबोडियांत काय करतात, हें भगिनींस ठाऊक नसावें. त्यांच्या सुनेस तें बाळपणापासून अंगवळणी आहे, म्हणून थोडें सांगतों. पूर्वीं हिंदु व बौद्ध राजांनीं अंकोरची अफाट मंदिरें बांधिलीं तो हा देश. तेथील ता प्रोह्म मंदिराच्या डागडुजीचें काम आपल्या पुरातत्त्व खात्यानें या शतकाच्या आरंभीं हातीं घेतलें. ख्मेर लोक भेटतांच हात जोडतात, आणि समोरचा जितका थोर तितके जोडलेले हात उंच जातात: बरोबरीच्यास छातीशीं, भिक्षूस भुंवयांशीं, देवास कपाळाशीं. भाषेंत तर मानापमान कांठोकांठ भरला आहे. जेवण्याच्याच क्रियेस निरनिराळे शब्द: जनावरानें खाणें एक, घरच्या माणसानें दुसरें, पाहुण्यानें तिसरें, भिक्षूनें चवथें, राजानें पांचवें. "होय" म्हणावयाचें तर पुरुषांचा शब्द "बात" आणि बायकांचा "चाः". सून प्रत्येक वाक्यास "चाः, चाः" म्हणूं लागली तर तिला चहा हवा आहे अशी समजूत करून घेऊन आधण ठेवूं नये.

पण या मानाच्या भाषेंत "तूं-तुम्ही" यांस फारसें स्थान नाहीं. ख्मेर माणूस समोरच्यास नात्यानें हांक मारतो. आजोबांच्या वयाचा तो "ता", आजीच्या वयाची ती "येइ". आईबापांहून वडील असेल तर "ओम", धाकटा असेल तर "पू", धाकटी असेल तर "मिंग". आपल्याहून थोडा मोठा, मग पुरुष असो वा स्त्री, तो "बाँग". म्हणून तेथें अनोळखी माणसाचें वय विचारणें हा उद्धटपणा नव्हे. वय कळल्याखेरीज तोंडच उघडतां येत नाहीं. आपला खेडूत गांव विचारतो, ख्मेर वय विचारतो. दोघांस पाहिजे आहे तें एकच, माणूस कोठें बसवावा ही जागा. परदेशी मनुष्य दिसला कीं आपसांत ते त्यास "बाराँग" म्हणतात. मूळ अर्थ फ्रेंच मनुष्य, कारण १८६३ पासून १९५३ पर्यंत तेथें फ्रेंचांचा अंमल होता. आतां कोणीही गोरा तो बाराँग. आपल्या "फिरंगी"च्याच गोत्रांतला हा शब्द दिसतो, आणि वागणूकही तीच: हा पाठीमागें म्हणावयाचा. तोंडावर त्याच परक्यास "लोक" म्हणजे महाशय म्हणतात. पण तो चार दिवस राहिला, पंक्तीस बसून भात जेवला, दोन शब्द ख्मेर बोलूं लागला, कीं त्याचा "बाँग" होतो. आमच्या भगिनींच्या पुतण्यासही त्यांच्या सासुरवाडीनें कधींच आपल्या नात्यांत बसवून घेतलें असेल. आणि आतां त्या घरच्या मुलीस आम्ही "मॅडम" म्हणून बैठकीच्या खोलींत बसविणार!

तेव्हां आमचा सल्ला असा. आजीबाईंनीं तिला नांवानें हांक मारावी आणि "तूं" म्हणावें. त्यांस दुसरें कांहीं येणारही नाहीं. सासूबाई व चुलतसासू यांनीं तेंच करावें. धाकट्या दिरा-नणंदांनीं "वहिनी" म्हणावें. "तूं" कीं "तुम्ही" हें इतर वहिनींस जें म्हणत असतील तेंच, रेसभर कमी नाहीं कीं अधिक नाहीं. लहान मुलांची ती काकू. "मॅडम" हा शब्द तिच्यापुरता घरांत आणूं नये. पाहुण्या म्हणून आलेल्या परदेशी बाईस तो चालेल, जरी तेथेंही "बाई" हा आपला जुना, भारदस्त शब्द आम्हांस अधिक आवडतो. रमाबाई, जिजाबाई यांच्या नांवांस जो पुरला तो कोणास अपुरा पडूं नये.

तिच्याकडूनही कांहीं गोंधळ होतील, त्यांची तयारी ठेवावी. ती आपल्या पतीस "बाँग" म्हणेल. ख्मेर स्त्रिया पतीस असेंच म्हणतात, आणि पति पत्नीस "ओन" म्हणतो. पहिल्याचा अर्थ वडील भावंड, दुसऱ्याचा धाकटें भावंड! हें कळतांच माजघरांत काय होईल तें आमच्या डोळ्यांपुढें आहे. पण ज्या घरांत दोन पिढ्या पतीस "अहो" या निव्वळ अव्ययानें हांक मारण्यांत आली, त्या घरानें याजवर फार हंसूं नये. दुसरें, ख्मेर भाषेंत क्रियापद पुरुष-वचनाप्रमाणें बदलत नाहीं. तेव्हां "मामंजी, तूं ये" असें तिच्या तोंडून खास निघेल. मामंजींनीं यावें, आणि मुकाट्यानें जेवायला बसावें. मुलांनीं त्या वाक्याची नक्कल करीत वाडाभर हिंडूं नये, एवढा बंदोबस्त आईबापांनीं करावा. आणखी एक, आणि हें आम्ही कळवळून सांगतों: ती मराठी बोलूं लागली कीं तिला मराठींतच उत्तर द्यावें. परदेशी माणसानें कष्टानें दोन मराठी वाक्यें जुळवावीं आणि आपण त्यास फाडफाड इंग्रजी ऐकवावें, ही आपल्या सुशिक्षितांची खोड आहे. आम्ही तिला सभ्यता समजतों. समोरच्यास ती तोंडावर लावलेल्या दारासारखी लागते.

पत्राच्या शेवटीं भगिनींनीं विचारलें आहे कीं लग्नांत नांव बदलावें काय. आमचें म्हणणें, बदलूं नये. ख्मेर रीतींत आडनांव आधीं व नांव मागून येतें, आणि लग्नानंतर बाईचें नांव किंवा आडनांव दोन्ही तींच राहतात. शिवाय त्यांचीं पुष्कळ नांवें आपल्याच भांडारांतलीं आहेत. तेथली चंत्रिया ही आपली चंद्रा, तेवी ही देवी, बोफा ही पालींतून गेलेली पुष्पा. मुलीचें नांव पत्रांत लिहिलेलें नाहीं. पण थोडें कान देऊन ऐकलें तर तें जुन्नरास अगदींच अनोळखी निघेल असें वाटत नाहीं. उच्चार मात्र तिचा तिला विचारून शिकावा. एल्फिन्स्टनचा "अल्पिष्टन" करून पेशवाई बुडाली तरी आपण सुधारलों नाहीं.

एवढ्यानें पत्राचें उत्तर झालें. पण पत्रांत न विचारलेली एक गोष्ट राहते. हीं सर्व नातीं त्या मुलीस समजावून देतां देतां ती एक दिवस एक प्रश्न खात्रीनें विचारील. जुन्नर-आंबेगांवच्या पश्चिमेकडून, सह्याद्रीच्या कुशींतून, महादेव कोळी आणि ठाकर बायामाणसें डोक्यावर भारे घेऊन गांवांत येतात. वैशाखांत करवंदें, जांभळें, एरवीं बाळहिरडा. तशीच एक म्हातारी या वाड्यावरही वर्षानुवर्षें येत असेल. जुन्नरच्या कोणत्या वाड्यावर येत नाहीं? घरांतल्या सहा वर्षांच्या मुलानें तिला "ए, पुढच्या सोप्यांत ठेव" म्हटलेलें आम्हीं अशा घरांत पुष्कळदां ऐकलें आहे, आणि त्याला कोणी टोकलेलें ऐकलें नाहीं. नारायणगांवच्या बाजारांतल्या कालच्या गोऱ्याला "साहेब, आपण". आणि जिच्या हातचा हिरडा आजीबाईंच्या बटव्यांत चाळीस वर्षें आहे, तिला "ए". ख्मेर घरांत वाढलेल्या मुलीच्या कानास हें चमत्कारिक लागेल. ती वयाकडे पाहील आणि विचारील, "या येइला मराठींत काय म्हणूं?"

उत्तर सोपें आहे: आजी म्हणावें, नाहीं तर मावशी. तेवढें मार्गशीर्षापूर्वीं मुलांकडून घोटवून घ्यावें. मोठ्यांस तें जड जाईल, कारण तोंडाचें वळण जुनें आहे. पण वाड्यांत अजून पांच महिने हातांत आहेत, आणि बाळहिरड्याच्या निमित्तानें ती म्हातारी त्यापूर्वीं दोनतीनदां तरी येऊन जाईल.